जुने एमडी-५ पासवर्ड बंद करायचे आहेत, पण वर्षातून एकदा येणाऱ्या माणसांचं काय करू?

रामबागवाली, इंदूर
२० सप्टेंबर, रात्री ११:५०

नमस्कार. दोन दिवस झोप नीट नाही, म्हणून शेवटी इथे विचारते आहे. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवटच मिळतील.

आम्ही दोघी मैत्रिणी स्नेहनगरच्या दोन खोल्यांतून इंदूरजवळच्या एका नगर परिषदेचं जलकर आणि संपत्तीकराचं सॉफ्टवेअर सांभाळतो. २०१३ साली सुरू केलं, पीएचपी या भाषेत, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस. आज त्यात ३८,४१२ नागरिकांची खाती आहेत. लोक घरून लॉगिन करून बिल भरतात, नाहीतर काउंटरवर येतात. निम्म्याहून जास्त मंडळी वर्षातून एकदाच येतात, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, रात्रभर झाँक्या पाहून आलेलं शहर अजून झोपलेलं असताना, सिक्युरिटी ऑडिटचा रिपोर्ट मेलवर येऊन पडला. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या पॅनेलवरच्या ऑडिटरचं प्रमाणपत्र नव्याने घ्यायचं आहे. दोन मुद्दे ‘हाय’ मध्ये. पहिला, नागरिकांचे पासवर्ड एमडी-५ या जुन्या पद्धतीने हॅश केलेले, म्हणजे उलट फिरवता न येणाऱ्या ठशात बदललेले, आणि तेही सॉल्टशिवाय, म्हणजे प्रत्येकात वेगळी यादृच्छिक भर न घालता. दुसरा, डेटाबेसच्या स्वतःच्या युजरांचे पासवर्डसुद्धा एमडी-५ मध्ये. तीस दिवसांत दोन्ही बंद करून दाखवायचे.

पहिली चूक माझ्या हातची आहे. ती ओळ मीच लिहिली. एमडी-५ हे रॉन रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये तयार केलेलं, आणि २००४ मध्ये शाओयून वांग यांनी दोन वेगळ्या मजकुरांचा एकच हॅश येतो हे करून दाखवलं होतं. म्हणजे मी ती ओळ लिहिली तेव्हा हे जगजाहीर होऊन नऊ वर्षं झाली होती. पासवर्डच्या बाबतीत अडचण आणखी साधी आहे. ते फार भराभर चालतं, त्यामुळे अंदाज लावणाऱ्यालाही भराभर लावता येतात.

रिपोर्टमधलं एक वाक्य वाचून समाधान होईना. सीएमओ (मुख्य नगरपालिका अधिकारी) साहेबांची लेखी परवानगी घेतली, नगर परिषदेच्याच एका कॉम्प्युटरचं नेट काढलं आणि टेबलची प्रत त्यावर घेऊन बसले. आधी फक्त हॅशप्रमाणे ओळी लावल्या. २,१०६ ओळींमध्ये एकच हॅश, ई-१०-ए-डी-सी-३९ असा सुरू होणारा. या कामातला कुणीही तो पाहताच ओळखेल, तो १२३४५६ चा आहे. काउंटरवर खातं उघडताना आमचीच माणसं तो घालून देत होती. मग मोबाइल नंबर. सहा ते नऊने सुरू होणारे दहा आकडे म्हणजे एकूण ४०० कोटी शक्यता. तो साधा कॉम्प्युटर सेकंदाला दहा कोटींच्या आसपास हॅश काढत होता. चाळीस सेकंद. चहावाल्याने कप ठेवला आणि अकरा हजारांवर ओळी उघड्या पडलेल्या होत्या.

काउंटरवरचे काका माझ्या खुर्चीमागे उभे होते. रिटायर होऊन पुन्हा करारावर आलेले, २०१३ पासून मला ‘बेटा’ म्हणणारे. मग नाव आणि वर्ष अशा जोड्या लावून पाहिल्या. यादी वर सरकत असताना त्यांची ओळ आली. नातीचं नाव आणि तिचं जन्मवर्ष. त्यांनी चष्मा वर केला, स्क्रीनजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, “हाच माझा पेन्शनच्या बँकेचा आहे.” मग थोडं थांबून, “आणि मेलचा पण.”

जलकराचं खातं फोडून कुणाला काय मिळणार, असं मीही इतकी वर्षं म्हणत आले. मिळणार काय ते त्या दिवशी दिसलं. त्या टेबलात ३८ हजार लोकांच्या दुसऱ्या दारांच्या किल्ल्या पडलेल्या आहेत आणि त्यांनी त्या आम्हाला विश्वासाने दिल्या होत्या. काकांचा बँकेचा पासवर्ड तिथेच बसून बदलून घेतला. बाकीच्यांचं काय?

दुसऱ्या मुद्द्यावर मी पोस्टग्रेसच्या सेटिंगमध्ये पासवर्ड एन्क्रिप्शन एमडी-५ वरून स्क्रॅम-शा-२५६ या नव्या पद्धतीवर नेलं, कॉन्फिग रीलोड केलं, ऑडिटरला स्क्रीनशॉट पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं, “स्थिती जैसे थे.” का?

आणि मुख्य प्रश्न. सगळे हॅश पुसून सर्वांना नवा पासवर्ड घ्यायला लावणं हा सरळ रस्ता दिसतो. पण टेबलातले कितीतरी मोबाइल नंबर जुने आहेत, मेल आयडी तर पोराबाळांचे. मार्चमध्ये सत्तरीतली माणसं काउंटरवर उभी राहतील आणि त्यांना आत येता येणार नाही. कुणी हे केलेलं आहे का?


लष्करकर, ग्वाल्हेर
२१ सप्टेंबर, सकाळी ७:२०

ताई, पुसू नका. मी केलं आहे, म्हणून सांगतो.

एका कॉलेजच्या फी भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये ऐन जुलैत आम्ही सहा हजार मुलांचे जुने हॅश एका रात्रीत काढून टाकले आणि ओटीपीने नवा पासवर्ड घ्या म्हटलं. सकाळी नऊ वाजता ओटीपी जाईनात. एसएमएसचा मजकूर डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि आम्ही नव्या मजकुरात एक शब्द बदलला होता. तो मंजूर मजकुराशी जुळेना, मेसेज वाटेतच अडकले. दुपारपर्यंत गेटपासून रांग. शेवटी काउंटरवरच्या बाईंनी वैतागून सगळ्यांना एकच पासवर्ड लावून दिला. काल जे एमडी-५ मध्ये निदान वेगवेगळं होतं, ते आज मजबूत हॅशमध्ये सगळ्यांचं सारखं. तो दिवस मी विसरलेलो नाही.

पीएचपीत पासवर्ड-हॅश हे फंक्शन ५.५ पासून, म्हणजे तुम्ही सुरुवात केली त्याच वर्षापासून आहे. ते आपोआप बीक्रिप्ट ही मुद्दाम संथ ठेवलेली हॅश पद्धत वापरतं, सॉल्टही स्वतः घालतं. माझं मत, माणूस लॉगिन करील तेव्हा त्याचा हॅश बदला.


रामबागवाली, इंदूर
२१ सप्टेंबर, सकाळी ९:०५

दादा, मनापासून आभार. काउंटरवरच्या बाईंचा राग मला पूर्ण समजतो, आमच्याकडेही तेच झालं असतं.

पण लॉगिनवर बदलायचं म्हटलं तर मार्चपर्यंत वीस-पंचवीस हजार ओळी एमडी-५ मध्येच राहतील. ऑडिटर तीस दिवस म्हणतो, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाही ते तसे पडलेले आता सोसत नाहीत.


मांडवीचा, मूळ बडोदे, सध्या मेरीलँड
२१ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४०

ताई, लॉगिनची वाट न पाहता आज रात्री सगळ्या ओळी सोडवता येतात. पासवर्ड तुमच्याकडे नाही, पण त्याचा एमडी-५ आहे ना? त्यालाच पासवर्ड समजा. प्रत्येक ओळीसाठी नवा यादृच्छिक सॉल्ट घ्या, आणि जुना एमडी-५ हॅश पीबीकेडीएफ-२ या, हॅश लाखो वेळा फिरवणाऱ्या पद्धतीतून काढून निघालेलं उत्तर साठवा. जुना रकाना रिकामा करा. माणूस लॉगिन करायला आला की त्याने टाइप केलेल्याचा आधी एमडी-५, मग त्याच सॉल्टने पीबीकेडीएफ-२. जुळलं की त्याच क्षणी मूळ पासवर्ड हातात असतो, तेव्हा एमडी-५ मध्ये न घालता थेट पीबीकेडीएफ-२ करून पुन्हा साठवा. ओळीत एक ‘प्रकार’ रकाना ठेवा, १ म्हणजे गुंडाळलेला, २ म्हणजे थेट. नागरिकाला काहीच कळणार नाही.

आता बीक्रिप्ट की पीबीकेडीएफ-२? लष्करकर दादांचं चूक नाही. बीक्रिप्ट १९९९ पासून आहे आणि आजही उत्तम टिकून आहे. पण ते ब्लोफिश या जुन्या सायफरवर उभं आहे आणि अमेरिकेची मानकं ठरवणाऱ्या निस्टने मान्य केलेल्या यादीत नाही. निस्टचं ८००-१३२ हे २०१० चं प्रकाशन पीबीकेडीएफ-२ सांगतं. मी इथे ज्या ग्राहकांसाठी काम करतो ते फेडरल खात्यांना माल विकतात, तिथे फिप्स १४० हे गुप्तलेखनाचं सरकारी मानक लागतं, म्हणून बीक्रिप्ट वापरताच येत नाही. तुमच्या निविदेत फिप्स हा शब्द आहे का ते पाहा. नसेल तर तुम्हाला दोन्ही मोकळे. असेल किंवा पुढे येईल असं वाटत असेल तर पीबीकेडीएफ-२ घ्या.

इथे एक बारकावा लोक विसरतात, आणि मीही एकदा विसरून परत आलो आहे. फिप्स १४० मध्ये प्रमाणपत्र मिळतं ते गणित करणाऱ्या मॉड्यूलला. नुसती पद्धत मान्य असून भागत नाही. पीएचपीत पीबीकेडीएफ-२ ची दोन फंक्शनं आहेत. हॅश या नावाने सुरू होणारं पीएचपीच्या स्वतःच्या कोडमधलं आहे. ओपन-एसएसएल या नावाने सुरू होणारं ओपन-एसएसएल या गुप्तलेखनाच्या लायब्ररीकडे जातं, ज्याचं प्रमाणित मॉड्यूल असू शकतं. दुसरं घ्या. मात्र त्याला हॅशचं नाव दिलं नाही तर ते गुपचूप शा-१ हा जुना हॅश धरतं. शा-१ ची टक्कर, म्हणजे दोन मजकुरांचा एकच हॅश, २०१७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय आणि गूगलच्या लोकांनी करून दाखवली आहे आणि निस्ट ते २०३० अखेर पूर्ण काढणार आहे. पीबीकेडीएफ-२ च्या आत ते लगेच धोक्याचं ठरतं असं नाही, पण ऑडिटर कोडमध्ये ते पाहील आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. शा-२५६ स्पष्ट लिहा.

फेऱ्या किती? ओवास्प या वेब सुरक्षेच्या संस्थेची सध्याची शिफारस पीबीकेडीएफ-२ आणि शा-२५६ साठी ६,००,००० आहे. फेऱ्यांचा आकडा हॅशसोबतच साठवा, म्हणजे पुढे वाढवता येईल.

आणि फिप्स मोड चालू केला म्हणून एमडी-५ बंद झालं असं समजू नका. पायथनमध्ये ते लगेच एरर देतं. पीएचपीचं एमडी-५ फंक्शन ओपन-एसएसएलला विचारतच नाही, ते मजेत चालत राहतं. कोडमध्ये एकेक जागा शोधावी लागेल.


रामबागवाली, इंदूर
२१ सप्टेंबर, रात्री १०:३०

हे वाचून खुर्चीत सरळ बसले. एमडी-५ लाच पासवर्ड समजायचं, हे अकरा वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

लगेच चाचणीच्या सर्व्हरवर मोजलं. ६,००,००० फेऱ्यांना एका हॅशला ०.७ सेकंद. ३८,४१२ ओळी म्हणजे साधारण साडेसात तास, दोन कोअरवर वाटून दिलं तर पावणेचार. एका रात्रीचं काम. ३१ मार्चच्या गर्दीत एकाच वेळी किती लॉगिन होतात ते गेल्या वर्षीच्या लॉगमध्ये पाहिलं, सर्वांत गजबजलेल्या मिनिटाला ६४. दोन कोअरवर त्याला बावीस-तेवीस सेकंद, निभेल. तरी मार्चपुरते चार कोअर मागून घेईन.

दोन गोष्टी आजच अंगावर आल्या, दुसऱ्या कुणाच्या येऊ नयेत म्हणून लिहिते. पासवर्डचा रकाना नेमका ३२ अक्षरांचा होता, एमडी-५ च्या मापाचा. पोस्टग्रेसने नवी ओळ घ्यायला सरळ नकार दिला, म्हणून कळलं तरी. रकाना २५५ केला. दुसरी जास्त वाईट. २०१३ च्या माझ्या कोडमध्ये हॅश काढण्याआधी पासवर्ड लहान लिपीत केला जात होता आणि मागचीपुढची मोकळी जागा कापली जात होती. काउंटरवर लोकांची कॅप्स लॉकची तक्रार यायची, तेव्हा घातलेली ओळ. म्हणजे प्रकार १ तपासताना तेच सगळं करावं लागेल आणि प्रकार २ मध्ये ते करायचं नाही. कापाकापी ठेवली असती तर नव्या पासवर्डमध्येही मोठी अक्षरं वाया गेली असती.

डेटाबेसच्या युजरांचं अजून अडलेलंच आहे. कुणी सांगेल का?


सयाजीगंजची वहिनी, बडोदे
२२ सप्टेंबर, दुपारी १:१५

पोस्टग्रेस माझ्या रोजच्या जेवणातलं आहे, त्यामुळे हे मी घेते.

तुम्ही बदललेलं सेटिंग फक्त पुढे लावल्या जाणाऱ्या पासवर्डांसाठी असतं. आधी लावलेले जसेच्या तसे राहतात. पीजी-ऑथआयडी या टेबलात रोल-पासवर्डचा रकाना उघडा. जे ‘एमडी५’ या अक्षरांनी सुरू होतात ते जुने, जे ‘स्क्रॅम-शा-२५६’ ने सुरू होतात ते नवे. ऑडिटर हेच टेबल पाहतोय. प्रत्येक युजरला एकदा पासवर्ड पुन्हा लावायला हवा, तोच जुना लावला तरी चालेल, पण आता संधी आहे तर नवाच लावा.

लावताना पी-एसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश-पासवर्ड ही आज्ञा वापरा. ती हॅश तुमच्या बाजूला करून मग सर्व्हरला पाठवते. ऑल्टर रोल ही आज्ञा लिहून उघडा पासवर्ड दिला आणि स्टेटमेंटांचं लॉगिंग चालू असलं, तर तो सरळ लॉग फाइलमध्ये जाऊन बसतो. ऑडिटसाठी बदललेला पासवर्ड लॉगमध्ये उघडा सापडलेला मी पाहिला आहे. आणि सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, म्हणजे तोही तितके दिवस तिथेच.

एचबीए फाइलमध्ये, म्हणजे कोण कुठल्या पद्धतीने जोडेल ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये, पद्धत ‘एमडी५’ लिहिलेली असेल तर ती आज लगेच बदलू नका. ज्याचा पासवर्ड स्क्रॅममध्ये आहे त्याच्याशी सर्व्हर त्या ओळीवरही स्क्रॅमनेच बोलतो, आणि जो राहिला आहे तोही आत येऊ शकतो. बदलाच्या काळात ती ओळ पुलासारखी आहे. टेबलात एकही जुना उरला नाही की मग ती ‘स्क्रॅम’ करा. ऑडिटरला दाखवायचं ते त्यानंतर.

पोस्टग्रेसचा एमडी-५ तुमच्या टेबलासारखा अगदी उघडा नाही, त्यात युजरचं नाव सॉल्टसारखं मिसळलेलं असतं. म्हणूनच युजरचं नाव बदललं की एमडी-५ पासवर्ड रद्द होतो. पण ‘पोस्टग्रेस’ नावाचा युजर जगभर सगळीकडे असतो, त्यामुळे त्या मिसळण्याला फारसा अर्थ उरत नाही. स्क्रॅम आवृत्ती १० मध्ये, २०१७ साली आलं आणि १४ पासून तेच आपोआप असतं. तुम्ही जुनी कॉन्फिग फाइल पुढच्या आवृत्तीत उचलून आणली असणार.

शेवटचं आणि महत्त्वाचं. डेटाबेसला जोडणारी सगळी यंत्रं आधी शोधा. वेब सर्व्हरच्या पीएचपीतली लिब-पीक्यू ही पोस्टग्रेसशी बोलणारी लायब्ररी १० च्या आधीची असेल तर ती स्क्रॅम बोलत नाही. पण खरा त्रास होतो तो कुणाच्याही लक्षात नसलेल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरचा.


नारायणबाग, इंदूर
२२ सप्टेंबर, रात्री ९:००

ताई, आपण शेजारीच आहोत. मी मराठी टायपिंग आणि फॉन्टच्या कामातला, पासवर्डमधलं फार कळत नाही, पण एक गोष्ट तुमच्या कामाची आहे.

तुमच्याकडे देवनागरीत पासवर्ड ठेवणारी माणसं असणार. आमच्या घरात आईचा आहे. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठतं, एकसंध, किंवा र आणि खाली नुक्ता असं दोन तुकड्यांत. डोळ्याला दोन्ही सारखेच. घरच्या फोनवर ‘पायऱ्या’ लिहिलेलं आणि काउंटरवरच्या कीबोर्डवर लिहिलेलं बाइटने वेगळं असू शकतं, मग हॅशही वेगळा, आणि बिचारा माणूस म्हणतो मी तर बरोबर टाकतोय. हॅश काढण्याआधी मजकूर एकाच रूपात आणून घ्या, एनएफसी म्हणतात त्याला.

आणि वर बीक्रिप्टचं निघालंय म्हणून, त्याला ७२ बाइटची मर्यादा असते असं वाचलं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्राही वेगळी मोजली जाते. म्हणजे २४ चिन्हांपुढचं सगळं दुर्लक्षित. लांब ओळ पासवर्ड म्हणून ठेवणाऱ्याला हे कोण सांगणार?


लष्करकर, ग्वाल्हेर
२२ सप्टेंबर, रात्री ११:१०

७२ चं मला ठाऊक होतं, पण देवनागरीत त्याचे २४ होतात हा विचार कधी केला नव्हता. पीबीकेडीएफ-२ च घ्या ताई, माझं म्हणणं मागे.

पण एक विचारतो. बॅकअप कुठे आहेत?


रामबागवाली, इंदूर
२२ सप्टेंबर, रात्री ११:४५

लष्करकर दादा, तुमचा प्रश्न वाचून पोटात खड्डा पडला.

रोजचा डंप, म्हणजे डेटाबेसची पूर्ण प्रत, सर्व्हरवर. दर तिमाहीचा पेनड्राइव्हवर, सीएमओ ऑफिसातल्या गोदरेजच्या कपाटात, कागदी पाकिटात घालून, वर तारीख लिहून. सुरुवातीपासूनचे. त्या प्रत्येकात तोच टेबल आहे, गुंडाळण्याआधीचा.


मांडवीचा, मूळ बडोदे, सध्या मेरीलँड
२३ सप्टेंबर, पहाटे ५:३०

दादांनी नेमकं बोट ठेवलं, आणि मी हे पहिल्याच उत्तरात लिहायला हवं होतं. जुना डंप ज्याच्या हाती लागेल त्याला तुमचं नवं टेबल फोडायची गरजच उरत नाही. तो जुन्या एमडी-५ वरून पासवर्ड काढील आणि बँकेत, मेलमध्ये, तुमच्या नव्या दारातही तोच लावून पाहील. ज्याने पासवर्ड बदललेला नाही त्याच्यासाठी आपलं सगळं काम जुन्या पाकिटाइतकंच मजबूत आहे.

म्हणून जुने डंप एकतर एन्क्रिप्ट करा, नाहीतर नियमाप्रमाणे मुदत संपलेले लेखी नोंद करून नष्ट करा. हिशेबासाठी जे ठेवणं भाग आहे त्यातून पासवर्डचा रकाना काढून मग ठेवा, करवसुलीच्या हिशेबाला त्याची गरज नसते.

नवा पासवर्ड घेताना मोबाइल नंबर, ग्राहक क्रमांक आणि १२३४५६ सारखे नेहमीचे पासवर्ड नाकारा. कितीही फेऱ्या घातल्या तरी मोबाइल नंबर हा ज्याला तो ठाऊक आहे त्याच्यासाठी उघडाच आहे. दर तीन महिन्यांनी बदला असा नियम मात्र लावू नका. निस्टच्या ८००-६३बी मध्ये २०१७ पासून तो नको असंच सांगितलं आहे, लोक शेवटी एक आकडा वाढवतात, बाकी काही करत नाहीत.

लॉगिनच्या कोडमधली एमडी-५ ची ती शेवटची ओळ काढायची तारीख आजच ठरवा आणि ऑडिटरला लिहून द्या. तुमची माणसं मार्चमध्ये येतात, तर ३० एप्रिल ठेवा.


रामबागवाली, इंदूर
११ मे, रात्री १०:१५

सात महिन्यांनी परत लिहिते आहे. मधे आलेले निरोप वाचले, उत्तरं द्यायची राहिली, माफ करा.

५ ऑक्टोबरच्या रात्री गुंडाळण्याचं काम केलं. आम्ही दोघी ऑफिसातच राहिलो. पहाटे तीन वाजून चाळीस मिनिटांनी शेवटची ओळ झाली. सकाळी साडेदहाला काउंटर उघडलं, पहिलं लॉगिन काकांनी केलं, त्यांच्या नव्या पासवर्डने. मग बाहेरचे लोक. दिवसभरात एकही तक्रार नाही. ऑडिटरने पहिला मुद्दा बंद केला, ३० एप्रिलची तारीख नोंदवून घेऊन.

डेटाबेसचं वहिनींनी सांगितलं तसंच केलं, आणि त्यांचा कोपऱ्यातला कॉम्प्युटरही निघाला. लेखा शाखेत एक एक्सेलची फाइल दररोज सकाळी ओडीबीसी या डेटाबेसला जोडणाऱ्या ड्रायव्हरने कालची वसुली ओढायची. तो ड्रायव्हर कुणी कधी टाकला ते कुणालाच आठवेना. पासवर्ड स्क्रॅममध्ये गेला त्या दिवशी त्यावर ऑथेंटिकेशनचा १० क्रमांकाचा प्रकार चालत नाही अशा अर्थाचा निरोप आला. लेखापाल मॅडम घाबरून वर आल्या, त्यांना वाटलं वसुलीच गेली. नवा ड्रायव्हर टाकायला वीस मिनिटं लागली. टाकताना दिसलं की ती फाइल सर्वाधिकार असलेल्या युजरने जोडलेली होती आणि पासवर्ड एक्सेलच्या मॅक्रोमध्ये उघडा लिहिलेला. आता फक्त वाचू शकणारा वेगळा युजर आहे. माझ्या मते सगळ्या ऑडिटमधला सर्वांत मोठा धोका तो होता आणि तो रिपोर्टमध्ये नव्हताच.

मार्च पार पडला. चार कोअर मिळाले होते, लागले. ३१ तारखेला दुपारी काही मिनिटं लॉगिनला पाच-सहा सेकंद लागत होते, पण कुणी अडकलं नाही. मोबाइल नंबर नाकारण्यावरून मात्र काउंटरवर बरीच बोलणी खावी लागली. काकांनी एक युक्ती काढली. समोरच्याला घरातल्या चार वस्तूंची नावं सांगायला लावायची, त्यातली तीन सलग टाइप करा म्हणायचं, आणि ती आम्हाला सांगू नका, मी तोंड फिरवतो. ते खरंच खुर्ची वळवून भिंतीकडे बघत बसायचे. आठवडाभर हे दृश्य मी रोज पाहिलं. ‘ऱ’ वाल्या दोन आजी निघाल्या, दोघींचं पहिल्या फटक्यात जमलं. नारायणबाग, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

३० एप्रिलला संध्याकाळी ती ओळ काढली. २४,९०६ ओळी प्रकार २ झाल्या होत्या. राहिलेल्या १३,५०६ लोकांचा हॅश पूर्ण काढून टाकला. ते येतील तेव्हा बिल क्रमांक आणि ओटीपीने, किंवा काउंटरवर ओळखपत्र दाखवून नवा पासवर्ड घेतील. डीएलटीवरचा मजकूर फेब्रुवारीतच मंजूर करून ठेवला होता, लष्करकर दादांमुळे. कोडमध्ये एमडी-५ चौदा ठिकाणी सापडलं, त्यातलं पासवर्डचं एकच होतं. बाकी पावतीच्या फाइलला नाव देण्यासाठी वगैरे, तीही शा-२५६ केली, कारण दर ऑडिटला त्या तेरा जागांचं स्पष्टीकरण देत बसायची माझी तयारी नाही.

पेनड्राइव्ह. रजिस्टरमध्ये ४४ ची नोंद आहे. ४३ मिळाले. डंपमधून पासवर्डचा रकाना काढून, एन्क्रिप्ट करून नव्या डिस्कवर घेतले आणि जुने साहेबांसमोर पंचनामा करून तोडले. एक पाकीट रिकामं निघालं, वर ‘सप्टेंबर २०१७’ लिहिलेलं. अक्षर माझंच आहे. साहेबांना त्याच दिवशी लेखी कळवलं आणि पुढची वर्दी नियमाप्रमाणे त्यांच्याकडून गेली. त्या तारखेपूर्वी उघडलेली आणि त्यानंतर पासवर्ड एकदाही न बदललेली ९,८७० खाती प्रकार २ मध्ये आहेत. परवापासून ती उघडताना आधी नवा पासवर्ड मागितला जातो, आणि पडद्यावर साध्या हिंदी-मराठीत लिहिलं आहे की हाच पासवर्ड बँकेत किंवा मेलला वापरत असाल तर तिथेही आजच बदला. हे वाक्य लिहू नये, लोक घाबरतील, असं परिषदेत काहींचं म्हणणं होतं. मी ते काढू दिलं नाही.

उद्या काकांबरोबर जुन्या रेकॉर्ड रूमच्या दोन पेट्या उघडायच्या आहेत.